वाजलं नाही, तरी बोट वर

माणसाला अगदी बारीक आवाज ऐकू येतो, तेव्हा बोट उचलण्याआधी त्याचा श्वास क्षणभर थांबतो. छाती अर्धी वर येते, तिथेच राहते आणि मग बोट हलते. हा थांबा इतका लहान असतो की समोर बसलेल्यालाही तो सहसा दिसत नाही. मला दिसतो, कारण माझे सगळे आयुष्य बोटे उचलणाऱ्या माणसांसमोर गेले आहे.

मित्रांनो, मी एक जुना ऑडिओमीटर आहे. ऑडिओमीटर म्हणजे कान तपासण्याचे यंत्र. मी लहानमोठे 'टूं' असे आवाज काढतो. ते दोन वायरींमधून हेडफोनमध्ये जातात. लाल बाजू उजव्या कानाची, निळी डाव्या. ज्याचे कान तपासायचे तो काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत बसतो. ऐकू आले की बोट वर करायचे, थांबले की खाली. नियम एवढाच आहे, पण तो पाळणे फार थोड्यांना जमते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेजारच्या टेबलावर रेडिओ तयार होत. आमचे स्क्रू एकाच डब्यातले, त्यामुळे आपणही गाणार अशी माझी समजूत होती. पहिल्यांदा वीज मिळाली तेव्हा माझ्यातून 'टूं' निघाले. मला वाटले, गाण्याची सुरुवात झाली. पुढे काहीच आले नाही. कारागीर मात्र खूश होऊन म्हणाला, "झकास! सूर जरासुद्धा हलत नाही." न हलणारा सूर घेऊन कुणी गाणे कसे म्हणणार? आपण नेमके कशासाठी आहोत, हा घोळ माझ्या डोक्यात तेव्हा जो शिरला तो कित्येक वर्षे निघाला नाही.

मला एका मोठ्या रुग्णालयात आणले. कान तपासणाऱ्या बाई तेव्हा नव्या नोकरीला लागलेल्या होत्या. माझ्या बाजूला एक छोटा माइक आहे. त्यातून त्या काचेपलीकडच्या माणसाशी बोलत, त्याचे उत्तर छोट्या स्पीकरमधून येई. खोलीतले सगळे बोलणे मला कळते ते त्या माइकमुळेच. बाई मला रोज मऊ फडक्याने पुसत, वर्षातून एकदा माझे आवाज मोजून घेत. एकदा शाळेने 'हट्टी, ऐकतच नाही' म्हणून पाठवलेला मुलगा माझ्यासमोर बसला. तपासणी संपल्यावर बाई त्याच्या वडिलांना म्हणाल्या, "हट्टी नाही हो. त्याला खरंच ऐकू येत नाही." वडील बराच वेळ मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी मला गाणे न आल्याचे फारसे वाईट वाटले नाही.

पुढे पडद्याचे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या डोक्यावर कापसाची खोकी रचली गेली. माझ्या वायरी गुंडाळून, घट्ट गाठ मारून ठेवल्या होत्या. वायरीला अशी गाठ मारली की ती आतून तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पण हे सांगायचे कुणाला?

तिथून मी तिला पहिल्यांदा पाहिले. ती बाईंची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. तिची आई याच रुग्णालयात वॉर्डची मोठी सिस्टर. मुलगी बारावी झाली होती, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात मागे राहिली होती. आईचे म्हणणे होते की वर्षभर अभ्यास करून पुन्हा बसावे. तोवर सुट्टीत तिने रुग्णालयातल्या एकेका विभागात बसून कामे पाहावीत, असेही आईनेच ठरवले होते.

मुलगी दुपारचा डबा मावशीच्या खोलीत खायला येई आणि मला एकेक बातमी मिळे.

"लॅबचे सर काय म्हणाले?" मावशीने एकदा विचारले.

"म्हणाले, हात स्थिर आहे तुझा, रक्ततपासणीचं शिक आणि आमच्याकडेच ये."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"आणि काल त्या व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना?"

"त्यांनाही हो म्हणाले. त्या इतक्या प्रेमाने विचारत होत्या गं."

"आईला?"

मुलीने पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. "आईला आधीच हो म्हटलंय. सोमवारपासून क्लास आहे."

मावशी हसली. "धन्य आहे! एका म्यानात तीन तलवारी. तुझं नाव होयबाई ठेवायला हवं."

"मला सगळंच चांगलं वाटतं, मावशी. आणि रात्री घरी गेले की काहीच वाटत नाही. माझ्यातच काहीतरी बिघाड असेल."

मित्रांनो, कपाटावरून मला तिला सांगावेसे वाटले, की बाई गं, मीही रेडिओ होणार होतो. पण माझ्याजवळ 'टूं' शिवाय शब्द नाही, आणि त्या दिवसांत तोही नव्हता.

शुक्रवारी नवे यंत्र अचानक बंद पडले. पडदा काळा झाला. बाहेर बाकावर छापखान्यातले एक काका बसले होते. छपाईच्या मशीनजवळ काम करून कान बिघडले का, ते पाहून यायला मालकाने त्यांना पाठवले होते. मावशीने खोकी बाजूला केली, मला खाली काढले, माझ्यावरची धूळ पुसली. कित्येक वर्षांनी माझ्या अंगातून वीज गेली. माझा दिवा लागला तेव्हा मला रडूच आले असते.

जुने यंत्र काढले की आधी ते चांगल्या कानावर लावून पाहायचे, अशी रीत आहे. मावशी एरवी स्वतःच्याच कानाला हेडफोन लावून पाहते. त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. "माझ्या कानांत दडे बसलेत," ती नाक पुसत म्हणाली. "तू बस गं आत. तुझे कान तरणेताठे आहेत."

पेशंटला नेहमी बाजूला तोंड करून आडवे बसवतात, म्हणजे तपासणाऱ्याचा हात त्याला दिसत नाही. घरचीच पोर म्हणून मावशीने तिला समोरासमोर बसवले. उजव्या कानाचे आवाज मी नीट काढले. दर वेळी मुलीचा श्वास थांबला आणि बोट वर आले. मग मावशीने डावी बाजू लावली. मी आवाज पाठवला, पण तो गाठीपाशी वायरीतच अडकला. निळ्या बाजूला अजिबात काही पोचले नाही.

तरीही बोट वर आले.

मी गोंधळलो. पुन्हा आवाज पाठवला, पुन्हा बोट वर. श्वास मात्र एकदाही थांबला नाही. मग माझ्या लक्षात आले. बटण दाबताना मावशीचा खांदा किंचित हलत होता, आणि मुलगी काचेतून त्या खांद्याकडे पाहत होती.

"दोन्ही बाजू छान!" मावशी म्हणाली. "जुनं ते सोनं म्हणतात ते काही खोटं नाही." मित्रांनो, इतकी खोटी स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

काका आत जाऊन आडवे बसले. उजवा कान बऱ्यापैकी निघाला. डाव्या बाजूला त्यांचे बोट मांडीवरच राहिले. मावशीने आवाज वाढवला, आणखी वाढवला. बोट हलेना. मावशीच्या कपाळावर आठी आली. तिने हलक्या आवाजात भाचीला समजावले, "एक कान पूर्ण गेला असला, तरी एवढा मोठा आवाज डोक्याच्या हाडातून पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतोच. तेव्हा माणूस बोट वर करतो. यांनी तेही केलं नाही. म्हणजे ऐकू येत असून लपवताहेत. काम बदलून हवं असलं की करतात काही लोक असं."

मुलीचा चेहरा उतरला.

मावशीने माइक ओढला. "काका, खरं सांगा. त्या मशीनवर परत जायचं नाही का तुम्हाला?"

काकांनी हेडफोन डाव्या कानावरून मागे सरकवला. "कोण म्हणतं? अहो, ते मशीन माझ्या हातचं आहे. दुसरा बसला की ते कागद खातं. आणि फोन मी याच डाव्या कानाला लावतो, बायकोचं ओरडणं त्यातून नीट ऐकू येतं. मला काही समजेनासं झालंय."

"मग बोट का नाही वर केलंत?"

"बाई, वाजलंच नाही तर बोट कशाला वर करू?" काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण ते दुखावले होते. "खोटं वागून मला काय मिळणार?"

मावशीने शेरा लिहायला पेन उचलले. मुलगी माझ्या निळ्या वायरीकडे पाहत होती. तिने ओठ दोनदा उघडले आणि मिटले.

"मावशी, लिहू नकोस." शेवटी ती म्हणाली. "डाव्या बाजूला मलाही काही ऐकू आलं नव्हतं."

"काय? अगं, तू तर दर वेळी बोट वर केलंस!"

"तुझा खांदा हलायचा. तुला यंत्र चालू हवं होतं, बाहेर काका बसले होते. मला वाटलं, वाजत असणार, मलाच समजत नाहीये. म्हणून केलं वर."

मावशीने माझी निळी वायर हातात घेऊन गाठीजवळ वाकवली आणि चक्क स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "काका, माफ करा. बिघाड आमच्या घरातलाच निघाला."

"यंत्राचा ना?" काकांनी विचारले.

"यंत्राचा, माझा आणि या पोरीचा. तिघांचाही."

काका मनापासून हसले. खणातून दुसरी वायर निघाली. मावशीला शिंकांवर शिंका येत होत्या, म्हणून तिने मुलीला माझ्यापुढे बसवले आणि स्वतः मागे उभी राहिली. मुलीने खांदा कडक धरून बटण दाबले. काकांचे बोट वर आले. ती अगदी हळू, एकेक पायरी आवाज कमी करत गेली. जेवण, घड्याळ, लॅबचे सर, सगळे विसरून ती काचेपलीकडे पाहत होती.

"मावशी," ती एकदम कुजबुजली, "बोट वर करायच्या आधी ते श्वास धरतात. मगाशी धरत नव्हते. म्हणजे मगाशी खरंच वाजत नव्हतं."

मावशीचा रुमाल नाकापाशीच राहिला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दिसलं."

काकांचे कान बरे निघाले. फक्त चिमणीच्या चिवचिवाटासारखे बारीक सूर त्यांना कमी ऐकू येत होते. कान झाकून काम करायचे, एवढे पथ्य घेऊन ते आपल्या मशीनकडे गेले.

मित्रांनो, जुन्या यंत्रांच्या वायरी गाठ मारून ठेवू नका. त्या सैल गुंडाळा, अधूनमधून उलगडून पाहा. आणि कुणाला काही विचाराल, तेव्हा आपला खांदा हलू देऊ नका. समोरचा माणूस आवाजापेक्षा खांद्याकडे पाहत असतो. मला एवढेच समजले आहे. बाकी पुष्कळ गोष्टी अजून समजलेल्या नाहीत.

संध्याकाळी कामाची पाळी संपवून मुलीची आई आली. दारातूनच तिचा पट्टा सुरू झाला. "लॅबचे सर मला पेढा मागताहेत! त्या व्यायामवाल्या ताई म्हणतात, तुमची लेक आमची झाली. आणि मी क्लासला सांगून बसलेय! तू तिघांना हो म्हणालीस? सोमवारी जाणार कुठे, तीन तुकडे करून?"

मुलगी माझ्या बटणावर बोट ठेवून बसली होती. माझा दिवा अजून चालू होता.

"ताई, जरा बस," मावशी म्हणाली. "आणि तिच्याकडे अशी पाहू नकोस. तिकडे खिडकीकडे तोंड कर."

"मी? माझ्याच मुलीशी बोलताना?"

"कर गं. दोन मिनिटं."

आई पुटपुटत खुर्ची फिरवून बसली. मावशीनेही पाठ केली आणि कापसाची खोकी पुन्हा रचायला घेतली. आता मुलीला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, कुणाचा खांदा दिसत नव्हता.

"विचारते मग," आई खिडकीला म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "परत बसायचंय का तुला परीक्षेला? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

मी एकही आवाज काढला नव्हता, तरी मुलगी मान किंचित तिरपी करून काहीतरी ऐकत होती. तिची छाती अर्धी वर आली आणि तिथेच थांबली.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला जमेल की नाही ते माहीत नाही, पण मी मावशीसारखं कान तपासायला शिकणार आहे."