अंदाजाची अब्रू

बाबाराव गजभियेंना सेक्टर सहामध्ये लोक नावानं कमी आणि ‘वेधशाळा’ म्हणून जास्त ओळखत. पोटापाण्याची नोकरी स्टील प्लान्टच्या टाइम ऑफिसात. मनाची नोकरी रेडिओत. सकाळच्या बातम्यांमागून हवामान सांगून झालं की हा माणूस बनियनवरच ओट्यावर येई आणि क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीला ते वाटून देई. जणू ढगांची किल्ली त्यांच्याच करदोऱ्याला होती. अंदाज खरा ठरला की श्रेय आपलं. खोटा ठरला की चूक रेडिओवाल्याची.

त्या वर्षी नवतपा, उन्हाळ्यातले ते सर्वांत तापते नऊ दिवस, असा पेटला होता की कूलरसमोर बसलं तरी गरम वाफच अंगावर येई. अशात एका सकाळी रेडिओनं सांगितलं, येत्या चोवीस तासांत दुर्ग जिल्ह्यात काही ठिकाणी वादळी वारे आणि जोरदार पाऊस.

“खाटा आत घ्या! गाद्या उचला!” बाबारावांनी आवाज दिला. “आज येते!”

समोरच्या क्वार्टरमधला टिकाराम दात घासत होता. “मागच्या येळी तुमी म्हटलं न् माह्या बायकोनं ओले पापड आत नेले, भाऊ. आतच बुरशी लागली त्यायले. बाहेर थेंब नाही.”

“रेडिओ काही ठिकाणी म्हणते. काही ठिकाणी पडलंच असन.”

“मंग आपलं ठिकाण कधी लागते?”

लाइन हसली. पण हसता हसता खाटा आत गेल्याच, आणि बाबारावांची छाती वीतभर फुगली.

चहा होतो न होतो तोच बायको कलावतीच्या माहेरून, कुम्हारीहून, त्यांचा साळा दयाराम आला. घामानं थबथबलेला. “ताई, आपल्या बाबाले उन्हाची लू लागली. पाणी पोटात ठरून नाही राहिलं. तुह्यंच नाव घेऊन राहिले. चाल.”

कलावतीनं उकडलेल्या कैऱ्या, कांदे आणि एक लुगडं पिशवीत भरलं. दारात आली तर नवरा आडवा.

बाबारावांची नजर समोर गेली होती. टिकाराम ओट्यावरच होता. साऱ्या लाइनीला खाटा उचलायला लावल्या, आणि आता वेधशाळेची स्वतःची बायको पिशवी घेऊन बस धरायला निघाली, तर लोक काय म्हणतील? हा हिशेब त्यांनी स्वतःलाही उघड सांगितला नाही. पण केला.

“आज वादळ येऊन राहिलं, कला. रस्त्यात झाड पडलं, बस अडकली तं? उद्या पहाटे मी सोबत येतो.”

“आभाळ तं कोरं हाय.”

“तुले जास्त समजते का?”

“बाबा बलावून राहिले, आयका ना.”

“नाही कोन म्हणते? उद्या म्हटलं. एका दिवसानं काय होते?”

जावयाच्या तोंडी दयारामनं कसं लागायचं? बहिणीच्या हातातली पिशवी घेऊन तो एकटाच गेला.

ऑफिसात बाबाराव दिवसभर खिडकीशी उठबस करत होते. एक ढग, निदान वाऱ्याची एक वावटळ तरी. आयुष्यात त्यांनी पावसाची इतकी वाट कधी पाहिली नव्हती. आभाळ परातीसारखं लखलखीत राहिलं.

घरी परतले तर लाइनीतली माणसं त्यांच्याच ओट्यापाशी उभी. टिकाराम पुढे झाला. आज तो हसत नव्हता. “भाऊ, कुम्हारीहून निरोप आला. दुपारी गेले तुमचे सासरे.”

कलावती घरात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

कुम्हारीत पोचल्यावर दयाराम तिच्या गळ्यात पडून एवढंच म्हणाला, “शेवटपर्यंत इचारत होते, ताई, बस आली का म्हणून.”

दुसऱ्या दिवशी नदीकाठी लाकडं रचली. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, आणि रायपूरच्या बाजूनं आभाळ काळं होत आलं. वारा सुटला. सेक्टरमधून आलेला टिकाराम बाबारावांच्या जवळ सरकला. मनात खोट नव्हती त्याच्या, धीर द्यायला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, “एका दिवसाचाच फरक पडला, भाऊ. तुमचा अंदाज काही खोटा नव्हता.”

कलावतीनं ते ऐकलं. बाबारावांनी तिला ऐकताना पाहिलं.

मग पाऊस कोसळला. अजून अग्नी दिला नव्हता. जवळच्या वीटभट्टीवरून दोघांनी धावत टिनाचा पत्रा आणला, आणि लाकडं भिजू नयेत म्हणून तो वर धरला. एक कोपरा बाबारावांनी घेतला. त्यांच्या समोरचा कलावतीनं.

“ताई, तू बाजूले हो,” दयाराम म्हणाला.

ती हलली नाही. पत्र्यावर पाणी तडतडत होतं. केस कपाळाला चिकटलेले, पदर चिखलात.

“तुमच्या बाजूनं पाणी आत येऊन राहिलं,” ती म्हणाली. कालपासून नवऱ्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. “वर धरा.”

थोड्या वेळात पाऊस थांबन, असं बाबारावांच्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि दोन्ही हातांनी पत्रा वर धरला.