कचरा केंद्रातला राखणदार

डोळे मिटा बरं. समजा, गावाच्या कचरा केंद्राची किल्ली तुमच्या आईकडे आहे. पत्र्याच्या छपराखाली जाळीचे मोठाले पिंजरे, एकात बाटल्या, एकात डबे, एकात पुठ्ठे. गावाने घरचा सुका कचरा वेगळा करून इथे आणायचा आणि तुमच्या आईने ‘बाटली धुतली का? झाकण काढलं का?’ असं विचारून प्रत्येकाला वैताग आणायचा. भर दुपार आहे. वाऱ्याचा मागमूस नाही. आणि बाटल्यांच्या पिंजऱ्यात काच किणकिणते आहे.

बैतोंगच्या आईकडे खरंच ती किल्ली होती, आणि बैतोंगला ती किणकिण आठवडाभर ऐकू येत होती.

सुरुवात झाली ती घरकुलापासून. आमच्या कालव्याकाठी जिथे अंगण, तिथे खांबावर राखणदाराचं, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या अदृश्य आत्म्याचं, छोटंसं घरकुल. त्याच्यापुढे भाताचा घास ठेवायचा, लाल सरबताची बाटली ठेवायची. राहतं घर पाडायचं झालं, की आधी घरच्या माणसाने हात जोडून राखणदाराला निरोप द्यायचा आणि मगच रिकामं घरकुल विहारामागच्या पिंपळाखाली नेऊन ठेवायचं. पण एका सकाळी केंद्राच्या फाटकाशी, मोडक्या पंख्यांच्या ढिगाला टेकवून, कोणीतरी आपलं घरकुल टाकून गेलं होतं. आत म्हातारा-म्हातारीच्या बाहुल्या, एक हत्ती आणि मान चिकटवलेला एक घोडा.

बैतोंगची आई लमाई विहारात जाऊन भिक्खूंना विचारून आली. ते म्हणाले, आत कोणी राहिलं असेल तर निरोप त्याच घरच्या माणसाने द्यायला हवा. परक्याच्या सांगण्यावरून तो हलत नाही.

ही गोष्ट गावभर झाली आणि भीतीने लोक यायचे थांबले. पिशव्या पुन्हा कालव्यात पडू लागल्या. पंचायतीचा माणूस येऊन सांगून गेला, की महिनाअखेरपर्यंत असंच चाललं तर केंद्राला कुलूप लागेल. लमाईने दारोदार फिरून, लोकांच्या शिव्या खाऊन हे केंद्र उभं केलं होतं. त्या दिवशी तिने ताटाला हात लावला नाही.

घोडा ओळखला तो बैतोंगने. त्याची मान तिच्याच हातून तुटली होती, थोंगइनकाकांच्या अंगणात खेळताना. काकांनी ती न रागावता चिकटवून दिली होती. नुकतंच काकांचं जुनं घर पाडलं होतं आणि ते मुलाच्या नव्या घरी राहायला गेले होते.

लमाईने त्यांना बोलावणं धाडलं. काका आले, पण फाटकाबाहेरच उभे राहिले.

"काका, मी रागावलेली नाही," लमाई म्हणाली. "त्याला दोन शब्द सांगा आणि जा."

"माझं नाही ते."

"घोडा तुमचाच आहे," बैतोंग म्हणाली.

"असले घोडे बाजारात ढिगाने मिळतात, पोरी. तुझी आई लोकांचे पंखे ठेवून घेते, टीव्ही ठेवून घेते. हेही घेईल ठेवून."

पिंजऱ्यात काच किणकिणली. काका छत्री आडवी धरून मागे सरले. घरकुलाकडे न बघताच ते पुटपुटले, "मी नाही ओळखत याला." आणि ते भराभर निघून गेले.

मग बाटल्या एकेक करून हलू लागल्या, तळापासून वरपर्यंत. बसायला जागा शोधत कोणीतरी चढत असावं, तशा.

घरकुल फोडायला लमाईने हातोडी उचलली. पण आतल्या म्हातारा-म्हातारीकडे बघून तिने ती खाली ठेवली.

"आई," बैतोंग हळूच म्हणाली, "त्याला जा असं कोणी सांगितलं नाही. आणि राहा असंही कोणी सांगितलं नाही."

"इथे कोण राहतं, बाळा? हा कचरा आहे."

"आपण असतो ना दिवसभर."

नवं घरकुल मांडताना त्या जागेतल्या माणसांची नावं राखणदाराला सांगतात, हे बैतोंगने पाहिलं होतं. तिने फडक्याने घरकुल पुसलं. म्हातारा-म्हातारीला शेजारी शेजारी बसवलं, पुढे पेलाभर पाणी ठेवलं आणि हात जोडले. आधी तिने स्वतःचं नाव सांगितलं. मग आईचं. बाटल्या थांबल्या. कोणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखं सगळं गप्प झालं.

बैतोंगने मान चिकटवलेल्या घोड्याकडे पाहिलं.

"आणि थोंगइनकाका," ती म्हणाली. "ते घाबरलेत, म्हणून तसं बोलले. त्यांनाही सांभाळा."