सेल्फची वायर

“थोरल्याने हात लावलेल्या गाडीपुढे लेकराला उभं करू नकोस,” सासूबाई मला म्हणाल्या होत्या. थोरला म्हणजे त्यांचाच मुलगा, माझे दीर. मायलेकांचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

दोघा भावांच्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला, तेव्हा दिरांनी भंगारातून साध्या गिअरचा आणला आणि घराला लागून असलेल्या त्यांच्या गॅरेजात जोडायला घेतला. पत्रा कापून क्लचचं पेडल बसवलं. भोक जास्तच मोठं पडलं, ते हिरव्या पत्र्याच्या तुकड्याने बुजवलं. मी कपडे वाळत घालता घालता सगळं बघत होते. काम झाल्यावर त्यांनी बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. गाडी सुरू.

“दादा, क्लच तर कुणी दाबलाच नाही. मग सुरू कशी झाली?”

“प्रेमाने.”

माझा नवरा फिदीफिदी हसला.

मी पिच्छा सोडला नाही. जुन्या गिअरबॉक्सला स्विच होता. गाडी गिअरमध्ये असली की सेल्फ, म्हणजे स्टार्टर, लागायचाच नाही. त्या स्विचची वायर आता क्लचच्या पेडलापाशी न्यायला हवी होती, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरूच झाली नसती. दिरांनी दोन टोकं एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. म्हणजे गाडी गिअरमध्ये असली, तरी चावी फिरवली की उडी मारणार.

“गिअरमध्ये असताना चावी फिरवेल कोण? गाढव?”

“भोंग्या फिरवतो.”

भोंग्या म्हणजे आमचा चार वर्षांचा मुलगा. हॉर्नपायी पडलेलं नाव. सकाळी गाडी सुरू करायचा मान त्याचा. बाबा काच पुसायचे, हा आत बसून चावी फिरवायचा. जुना गिअरबॉक्स होता तेव्हा ‘पी’वर, म्हणजे पार्किंगला लावलेली गाडी नुसती गुरगुरायची.

“कॉलेजात गिअरबॉक्सपण शिकवतात का, बाईसाहेब?”

“नाही. पण तुम्हालाही तो कुणी शिकवलेला दिसत नाही.”

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू वायर मीच पिळली होती. मी चावी पिठाच्या डब्यात लपवली. त्याने ती शोधून काढली, वर विचारलं, “घर आहे की तुरुंग?”

मग एका सकाळी व्हायचं ते झालं. उतारावर सरकू नये म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये लावलेली, आणि सवयीने चावी भोंग्याच्या हातात. गाडीने उडी मारली. पाण्याचं पिंप भिंतीवर चेपलं. सासूबाई त्याच पिंपाशी दात घासत होत्या. चूळ टाकायला बाजूला झाल्या, म्हणून वाचल्या. भोंग्या रडायचंही विसरला.

दीर धावत आले, ते बंपर बघायला.

“गिअरमध्ये लावली कुणी?”

“आणि वायर पिळली कुणी?” मी विचारलं.

“तुझ्या बायकोला आवर,” ते भावाला म्हणाले.

वायर नीट करण्याऐवजी त्यांनी गाडीच विकायला काढली. घ्यायला आलेल्या माणसाबरोबर त्याची मुलगी होती, भोंग्याएवढीच. दिरांनी तिला उचलून सीटवर बसवलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती.

“फिरव बेटा. बघा साहेब, पोरसुद्धा सुरू करतं!”

मी फाटकाकडे धावले. “अहो, थांबा, ती वायर...”

“लक्ष देऊ नका,” म्हणत दिरांनी स्वतःच्या डोक्याशी बोट फिरवलं. तो माणूस हसला. नवऱ्याने मला दंडाला धरून आत नेलं. गाडी विकली गेली. त्या माणसाचा फोन नंबर सासूबाईंनी मागितला, तर दीर म्हणाले, “माझं गिऱ्हाईक बिथरवायचंय का?”

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गल्लीत पांढरी पिकअप नव्याने उभी राहत असेल, क्लचखाली हिरवा तुकडा असेल, तर त्या माणसाला वायरीचं सांगा. तो हसेल. हसू दे. पण आधी त्याच्या मुलीला बघा, पुढच्या दातांत फट आहे तिच्या. सकाळी चावी कुणाच्या हातात असते, तेवढं जाऊन बघाच.