अण्णांनी वाटलेलं कषाय

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, राग नाही. मी थर्मास आहे. हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून जयतीर्थ अण्णांनी मला आणलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, थर्मास म्हणजे शांत वस्तू. कसलं काय! पोटात उकळतं धरून, तोंड घट्ट मिटून तुम्ही बसून बघा एकदा. मला सारखं वाटत असतं, ज्याचं आहे त्याने लवकर यावं, प्यावं आणि मला मोकळं करावं.

केशवापूरच्या घरी माझं काम एकच, कषाय. धने, जिरे, सुंठ, गूळ आणि दूध उकळून केलेला काढा. पोस्टमन येवो, गॅसवाला येवो, अण्णा म्हणणार, "तसंच कसं जाता? कषाय घेऊन जावा की!" लोक अण्णांना देवमाणूस म्हणायचे आणि माझंही कौतुक करायचे. मी फुगून जायचो. पण अण्णांनी उभ्या जन्मात कुणाकडे काडेपेटीसुद्धा मागितली नाही. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांची धाकटी बहीण पद्मा धारवाडला सप्तापुरात राहते, कॉलेजात गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर या बाईंना ट्रायथलॉनचं वेड लागलं. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, सगळं एका दमात. त्यातही तिने निवडली हिमाचलातली डोंगरी स्पर्धा. पहाटे गारठ्यात तळ्यात पोहायचं, सायकलनं दोन घाट चढायचे आणि शेवटी डोंगराच्या माथ्यापर्यंत पळत जायचं. त्या शेवटच्या चढाच्या पायथ्याशी एक फाटक असतं. ते दुपारी तीनला बंद होतं. शिवाय तिथे डॉक्टर बघतात, जाकिटाची चेन स्वतःच्या बोटांनी लावता आली तरच वर सोडतात. मागच्या वर्षी पद्माची बोटं थंडीने अशी आखडली की चेन काही लागली नाही. तिला तिथूनच परत पाठवलं.

मग वर्षभर तिने स्वतःला झोप म्हणून दिली नाही. अळणावर रस्त्यावर सायकल, नृपतुंग टेकडीवर पळणं. घरी आली तरी खुर्चीत टेकायची नाही, येरझाऱ्या घालायची. स्पर्धेचा नियम असा की खायला-प्यायला फक्त आपल्या मदतनिसाच्या हातून घ्यायचं, दुसऱ्या कुणाच्या हातून घेतलं की बाद. मागच्या वेळी मदतनीस म्हणून भाड्याचा ड्रायव्हर होता. यंदा ती म्हणाली, "अण्णा, तू चल. फाटकापाशी गरम कषाय घेऊन थांब. बाकी काही नको मला."

आम्ही गेलो. सकाळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात अण्णांनी स्वतः कषाय उकळलं. माझ्यात चार कप मावतात. अकरा वाजता आम्ही फाटकापाशी पोचलो. गार वारा सुटला होता. फाटकावरचा पोरगेलासा शिपाई हात चोळत उभा होता. अण्णांना राहवतंय होय! "लो भाई, गरम है." एक कप गेला. मग आमचा ड्रायव्हर. मग शेजारच्या निळ्या गाडीतली बाई, तिचा नवराही स्पर्धेत होता. माझा जीव खालीवर होऊ लागला. अहो अण्णा, पुरे की! पण मला तोंड असून बोलता कुठे येतं? चौथा कप एका म्हाताऱ्या मेंढपाळाला दिला. अण्णा म्हणाले, "रस्ता आहे तिथं चहाची टपरी असतेच. पद्मा येईपर्यंत आणू." टपरी नव्हती. हॉटेल नऊ किलोमीटर खाली राहिलं होतं आणि सायकलींसाठी रस्ता गाड्यांना बंद केला होता.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी पद्मा आली. ओठ निळे, दात वाजतायत. "अण्णा, कषाय!"

अण्णांनी मला उलटं केलं. दोन थेंब पडले.

पद्मा लहानपणापासून त्यांना ओळखते. एवढंच म्हणाली, "वाटलंस ना? बरं. कुणाकडून तरी गरम काही मागून आण. तुझ्या हातनं दिलंस की चालतं."

"हो, हो," म्हणत अण्णा मला घेऊन निघाले. निळ्या गाडीपर्यंत गेले आणि मागे फिरले. "त्यांचं माणूस पण यायचंय अजून," असं स्वतःशीच पुटपुटले. परत गेले, मफलर सारखा केला, घसा खाकरला, पुन्हा फिरले. मित्रांनो, त्या वेळी माझ्या आत जी तगमग झाली ती उकळत्या दुधानेही कधी झाली नव्हती. रागही आला आणि रडूही आलं. तिकडे पद्मा बगलेत बोटं दाबून घड्याळाकडे बघत होती.

दोन छप्पन्नला अण्णा तोंड उघडून बोलले, "बहनजी, थोडा गरम पानी..." त्या बाईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. लगेच आपल्या थर्मासातून मला अर्धं भरून दिलं.

पद्मा प्यायली. बोटं हलली. तिसऱ्या खेपेला चेन वर गेली. तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. फाटक लागलं होतं. आमचं कषाय प्यायलेल्या त्या शिपायानेच ते लावलं. मान खाली घालून म्हणाला, "सॉरी मॅडम, टाइम हो गया."

पद्मा रडली नाही, ओरडलीही नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "अण्णा, द्यायला तुला क्षण लागत नाही. माझ्यासाठी मागायला वीस मिनिटं लागली."

हुबळीला आल्यावर अण्णांनी मला धुऊन, ओल्यावरच झाकण लावून फडताळात ठेवलं. कोण आलं-गेलं तरी काढलं नाही. माझ्या तळाशी गंज धरला.

गेल्या रविवारी पद्मा केशवापूरला आली. पुढच्या वर्षीचा अर्ज भरत बसली होती. मदतनिसाच्या नावाची जागा कोरी होती. अण्णा दारापर्यंत आले, गेले, परत आले.

"पद्मा," अण्णा म्हणाले, "मला... परत नेशील का गं? मागतोय मी."

पद्माने पेन त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी त्या कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळवत जा. दाराशी आलेल्याला जरूर पाजा. पण जो कप आपल्या माणसाचा आहे, तो त्याच्यासाठी राखून ठेवा. आणि चुकून संपलाच, तर लाजत उभे राहू नका. लगेच मागा.