खिडकीतला बोळा

रावेतला एवढ्या कमी भाड्यात फ्लॅट मिळतोय म्हटल्यावर मी जावयाला विचारलंच, "का हो, एवढा स्वस्त कसा?" समाधानराव म्हणाले, "आई, नशीब समजा. चाकणच्या कंपनीची बस खालीच थांबते." झालं! बस खाली थांबते म्हटल्यावर हा माणूस आणखी काही बघणार होय? जुन्या मालकाने खोली रिकामी करा म्हणून धोशा लावलेला. माझी वर्षाली वीस दिवसांची ओली बाळंतीण. तिला माहेरी अंबाजोगाईला नेता आलं नाही, म्हणून मीच आले होते.

घर दाखवायला मालक दौलतराव स्वतः आले. मी कोपरान् कोपरा बघितला. बाथरूमच्या चौकटीला कडीपाशी लाकडाची नवी कोरी पट्टी मारलेली. "चोर शिरला होता काय?" मी विचारलं. दौलतराव हसले. "बाथरूममध्ये काय चोरणार, काकू? लाकूड कुजलं होतं." वरच्या खिडकीला एकही काच नव्हती, सगळ्या पट्ट्या काढलेल्या. तिच्याखाली गॅसचा गीझर. "दोन मिनिटांत कढत पाणी," ते म्हणाले, "बाळंतिणीला आणखी काय पाहिजे?"

समोरच्या दारातली मुमताज चहा घेऊन आली. बाई मोठी गोड. कप देता देता हळूच म्हणाली, "काकी, त्या खिडकीला काही लावू नका हां. उघडीच राहू द्या."

"का गं?"

तिने दौलतरावांकडे बघितलं. "हवा खेळती राहते," एवढंच बोलली आणि कप न नेताच निघून गेली.

मला रागच आला. चार बाळंतपणं केलीत मी, आणि ही कालची पोर मला हवा शिकवणार! न्हाणीघरात वारं शिरलं की बाळंतिणीच्या हाडांत बसतं, जन्मभर कंबर धरते. दुसऱ्या दिवशी राहायला आलो, तशी स्टुलावर चढले आणि जुन्या लुगड्याचा बोळा करून खिडकीत गच्च कोंबला. दाराच्या फटीलाही पोतं लावलं. अगदी ऊबदार झालं.

वर्षालीला तेल चोळलं, दोन बादल्या पाणी अंगावर घातलं. माझं डोकं गरगरायला लागलं. म्हटलं, सामान हलवायची दगदग. तेवढ्यात बाळ रडलं. "कडी लाव आतून, वारं येईल," मी म्हटलं, "गीझर चालूच राहू दे, सावकाश घे पाणी." आणि बाळाकडे गेले.

बाळ झोपलं. आत नळ वाहतच होता. बादली भरून पाणी सांडत होतं, तरी कोणी नळ बंद करेना.

"वर्षाली?"

नळ वाहतच राहिला.

"ए वर्षू! अगं बोल की!" मी दारावर धडका मारल्या, आरडाओरडा केला. मुमताज धावत आली. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही तिने. हातात वरवंटा होता. सरळ त्या नव्या पट्टीवर घाव घातला. "इथंच बसतो घाव," ती म्हणाली, "आधीच्या भाडेकरणीलाही इथूनच काढली होती."

वर्षाली नळाखाली वाकडी पडली होती. मुमताजने आधी गीझर बंद केला, मग स्टूल घेऊन बोळा ओढून काढला. आम्ही दोघींनी लेकीला गॅलरीत ओढत नेलं. तिने श्वास घेतला तेव्हा मी रडले की ओरडले, मला आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत त्या गीझरमुळे विषारी हवा साठते. वास नाही, काही नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचली नसती.

"बोलली का नाहीस गं?" मी मुमताजला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "ते उभे होते ना, काकी. आम्हीपण त्यांचेच भाडेकरू." तिला काय बोलणार? बोळा तर मी कोंबला होता, माझ्या या हातांनी.

संध्याकाळी बाळाची दुपटी न्यायला घरी आले, तर दौलतराव सुतार घेऊन हजर. गीझर काढायचा सोडून काचा काढून ठेवणारा माणूस. म्हणाले, "लाकूड कुजलेलंच होतं, काकू. नवीन पट्टी मारून देतो."

मी दारात आडवी उभी राहिले. "पट्टी मारायची नाही," मी सुताराला म्हटलं, "घर बघायला येईल त्याला हे भगदाड दिसू दे."