धाकूच्या नव्या बत्त्या

धाकूने टेंपोच्या बंपरावर दोन हॅलोजन बत्त्या बसवल्या, तेव्हा अख्ख्या कोपर गावाला वाटलं, पोरगा शौकीन झाला. मानपाड्याचा गुणाजी मेकॅनिक तर वायर जोडता जोडता म्हणाला, "काय रे, खाडीत विमान उतरवतोस काय?"

धाकू नुसता हसला. खरं कोणाला सांगणार? दिवाळीपासून अंधार पडला की त्याच्या डोळ्यांसमोर कोणी गोणपाट धरल्यासारखं व्हायचं. घरात टेंपो एक आणि चालवणारा हाच. आईला कळलं तर ती टेंपो विकायला लावणार, आणि खाडीत आता जाळं टाकलं तर चपला निघायच्या. खाणार काय?

त्याची आई, आवडाबाई, बाजारोबाजार सुकी मासळी विकायची. जीभ अशी, की सुका बोंबीलसुद्धा ऐकून ओला व्हावा. बत्त्या बघून म्हणाली, "लईच चकचकीत हायेत. नजर लागेल. थांब, बंदोबस्त करते," आणि निघायच्या आधी बंपरापाशी बराच वेळ वाकून बसली.

खडवलीचा बाजार उरकून परत निघेस्तोवर अंधारलं. नदीवरून धुकं आलं, तेही असं दाट की सुरीने कापून टोपलीत भरावं. धाकूने पहिल्यांदाच त्या बत्त्या लावल्या.

आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

समोर धुक्यात ते उभं होतं. ताडाएवढं काळंकुट्ट. मुंडकं खाली लोंबतंय आणि वर बोटंच बोटं, एकेक बोट होडीएवढं. टेंपो हलला की पुढे पळायचं, खड्डा आला की नाचायचं. धाकूने ब्रेक दाबला. तेही थांबलं आणि जागच्या जागी डुलायला लागलं.

पण भुताहून मोठी भीती दुसरीच होती. हे खरंच समोर आहे, की डोळे पुरते गेले? बाजूला आवडाबाई गप्प. कधी नव्हे ती गप्प! म्हणजे तिला काहीच दिसत नाही. म्हणजे डोळेच.

शेवटी त्याने विचारलंच. "आये... समोर काय दिसतं का गं?"

"मगापासून बघते," ती कुजबुजली. "बोलले नाय. म्हटलं, तू घाबरून गाडी नाल्यात घालशील."

"खरंच दिसतं? शपथ?"

"तुझी शपथ."

"देवा रे!" धाकूला रडूच फुटलं. "भूतच आहे! बरं झालं, भूतच आहे!"

"मेल्या, भूत बघून कोण खूश होतं?"

मग सगळं बाहेर पडलं. दिवाळी, गोणपाट, बत्त्या. आवडाबाईने ऐकून घेतलं. मासळीची सुरी उचलली आणि खाली उतरली.

"आये, नको जाऊ!"

ती बत्तीसमोर गेली मात्र, धुक्यात नऊवारी नेसलेली दुसरी राक्षसीण उभी राहिली, हातात नांगराएवढी सुरी! धाकूने डोळे गच्च मिटले. कच्चकन आवाज झाला.

"घे तुझं भूत," म्हणत तिने त्याच्या मांडीवर लिंबू-मिरची टाकली. "मीच बांधलेली. बत्तीच्या अगदी तोंडावर."

धाकूने समोर बघितलं. भूत गेलं होतं. पण लख्ख उजेडाच्या कडेला गोणपाट होतंच.

"आये, टेंपो विकायचा ना आता?"

"कशाला? दिवसा चालव. उद्या कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आता हळूहळू घे, मी रस्ता सांगते. डावीकडे नाला आहे."

"आणि लोक विचारतील, धाकू अंधार पडल्यावर गाडी का काढत नाही, तर?"

"खडवलीच्या रस्त्याला काय भेटलं, ते सांगेन की मी."

कोपरला पोचेस्तोवर त्या भुताला शिंगं फुटली होती, शेपूटही आली होती. मधेमधे गोष्ट थांबवून ती ओरडायची, "उजवीकडे घे रे, अजून, अजून!" आणि धाकू दातावर दात दाबून, तिच्या डोळ्यांनी गाडी चालवत होता.