झिपरीच्या दाराची खिट्टी

बाराच्या ठोक्याला अस्वलांच्या आवारासमोर गर्दी व्हायची, ती अस्वलांसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त, असं माईकवाल्यांचं प्रामाणिक मत होतं. प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे माईकवालेच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. दिवसातून दोनदा, बाराला आणि तीनला, ते चौथऱ्यावर चढत, माईकवर दोनदा फुंकर मारत आणि एकच प्रश्न टाकत.

"बोला मंडळी, कुस्ती लागली तर कोणतं अस्वल जिंकेल?"

मग हात वर होत. सगळ्यात जास्त मतं पडायची ती ध्रुवीय अस्वलाला, जे इथे फक्त फळीवर रंगवलेलं होतं. "ह्याची शिफारस मीही करतो," माईकवाले म्हणायचे. "खायला मागत नाही, नुसतं पुसलं की झालं." लोक हसले की ते गंभीर व्हायचे. हे सगळ्यात मोठं खरं, नर पाचशे किलोच्या आसपास भरतो. पण मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला आणि तिथे तपकिरी अस्वल येऊन ठेपलं, तर बऱ्याचदा हे पांढरे साहेबच बाजूला होतात. तपकिरी वजनाने कमी, पण खांद्यावर उंचवटा दिसतोय ना, तो सगळा स्नायू, जमीन उकरून उकरून कमावलेला. काळं अस्वल तिसरं. ते शहाणं, भांडण दिसलं की झाडावर.

"आणि आता आमच्या झिपरीबाई," असं म्हणून ते कोपऱ्यातल्या आवाराकडे हात करायचे. तिथे आपल्याकडच्या जंगलातल्या अस्वलाची, वाळवी हुंगत फिरणारी मादी होती, अंगभर केसांच्या जटा, वजन जेमतेम नव्वद किलो. तिला कुणीच मत द्यायचं नाही. माईकवाल्यांना नेमकं तेच हवं असायचं. ही वाघासमोरसुद्धा पाठ फिरवत नाही, ते सांगत. पळून सुटायची हिला खात्री नसते, म्हणून ही मागच्या पायांवर उभी राहते आणि आधी अंगावर जाते. किलोला किलो लावून बघाल तर हिच्याइतकी भांडखोर दुसरी नाही.

त्यानंतर यायचा त्यांचा हुकमी विनोद.

"पुरावा हवा? आमचे धाकटे बंधुराज आतच आहेत, ह्या अस्वलांचे राखणदार. आठ वर्षांपूर्वी दार लागलंय की नाही हे न बघताच झिपरीबाईंच्या खोलीत शिरले. दोन बोटं देऊन बाहेर आले. आता सांगा, चूक कुणाची? अस्वलाची की माणसाची? माणसाची म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हास्याची लाट आणि हातांचं रान. सात वर्षांत हा विनोद एकदाही पडला नव्हता.

त्या दिवशी एका शाळेचा वर्ग आला होता. तीन रांगा, सारख्या टोप्या. हात वर झाले तेव्हा माईकवाल्यांची नजर सहज तिसऱ्या रांगेत गेली आणि तिथेच अडकली. टोपीखाली त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी होती. वर्ग इथे येणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. सगळ्यांचे हात वर होते. काकांकडे एकदा पाहून तिनेही हात वर केला, खांद्यापर्यंतच, आणि मान खाली घातली.

माईकवाल्यांना पुढचं वाक्य आठवेना. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, "तीन वाजता पुन्हा भेटू," म्हणाले आणि चौथऱ्यावरून उतरले.

खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं. अस्वलांच्या खोल्यांमध्ये एक सरकतं दार असतं. अस्वलाला पलीकडच्या खोलीत घालायचं, दार ओढायचं आणि खिट्टी पाडायची. बोळातल्या माणसाने त्या खिट्टीवर हात ठेवून "लागलं" अशी हाक द्यायची. आतल्याने "लागलं" म्हणून ती परत करायची आणि मगच झाडू घेऊन शिरायचं. नियम एवढाच, पण त्यावर माणसाचा जीव असतो. त्या दिवशी बोळात माईकवाले होते. चौथऱ्याचं काम त्यांना नुकतंच मिळालं होतं, बाराला पाच कमी होते आणि माईकची वायर सारखी निसटत होती. वायर पिळता पिळता त्यांनी दहा पावलांवरून हाक दिली होती. खिट्टीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

चौकशीत धाकटा म्हणाला, "हाक न ऐकताच गेलो मी, चूक माझी." खोटी हाक देणाऱ्याला त्याच दिवशी काढून टाकत, आणि थोरल्याला कायम करून जेमतेम महिना झाला होता. भावाच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा पडला. माईकवाले त्या वेळी गप्प बसले. ते एक पाप झालं. पण भीतीने गप्प बसणं माणसाच्या हातून होतं. त्यांनी केलं ते पुढचं वाईट होतं. वर्षभराने एका दुपारी लोक जांभया देत होते, तेव्हा त्यांनी भावाची दोन बोटं लोकांपुढे टाकली आणि लोक हसले. मग रोजच टाकत गेले. सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आज त्या खांद्यापर्यंतच्या हाताने सगळं उघडं पाडलं. त्यांना स्वतःची किळस आली.

धाकटा मागच्या खोलीत भोपळा चिरत होता. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी भोपळा दाबून धरायचा आणि उजव्याने सुरी चालवायची, अशी त्याची पद्धत बसली होती. माईकवाले दारात उभे राहिले. भिंतीवर, बरोबर धाकट्याच्या डोक्यावर, कर्णा बसवलेला होता. चौथऱ्यावरचा शब्द न् शब्द इथे ऐकू येत असणार. सात वर्षं, दिवसातून दोनदा. हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"पोर आलीय," माईकवाले म्हणाले.

"माहितीय. सकाळी डबा मीच भरला तिचा."

"तिने हात वर केला."

सुरी थांबली. "कशाला?"

"चूक माणसाची, म्हणून."

धाकट्याने भोपळ्याच्या बिया बाजूला काढल्या, त्या काळ्या अस्वलाला आवडायच्या.

"तिला घरी काही सांगितलं नाहीस कधी?" माईकवाल्यांनी विचारलं.

"हात कामावर दुखावला, एवढंच. काय सांगणार होतो, दादा? तुझ्या मांडीवर बसून जेवते ती."

माईकवाल्यांना वाटलं होतं तो चिडेल, चार शब्द सुनावेल, म्हणजे आपल्याला जरा हलकं वाटेल. ते म्हणाले, "मी तेव्हा खिट्टी बघितली नव्हती. नुसतीच हाक दिली. तुला कधी सांगितलं नाही मी."

"मी बघितली होती," धाकटा म्हणाला.

"काय?"

"खिट्टी. मला वाटलं होतं ती वर आहे. जाळीतून नीट दिसत नव्हतं, पण वाटलं. तेवढ्यात तू लागलं म्हणालास." त्याने फोडी बादलीत लोटल्या. "म्हटलं, दादा म्हणतोय म्हणजे लागलं असणार. माझंच चुकतंय."

इतकी वर्षं माईकवाल्यांची समजूत होती की भावाने आपल्याला वाचवलं ते चौकशीत. त्याआधीच, झाडू हातात घेऊन, त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता. त्या शब्दाची किंमत त्यांना वायरीइतकीही वाटली नव्हती.

"मला माफ कर," ते म्हणाले.

"ते मी केव्हाच केलं. माझ्याजवळ रडून काय उपयोग? तिला वाटतंय तिचा बाप बावळट आहे. ते तू लावलंस, तूच काढ." धाकट्याने बादली उचलली. "आणि शेरा तुझ्या नावावर जाईल. चौथराही जाईल बहुतेक. ते आधी ठरव आणि मग बोल."

तीन वाजता वर्ग पुन्हा समोर बसला होता, घरी जाण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम म्हणून. माईकवाल्यांनी फुंकर मारली नाही. फळीवरचं पांढरं अस्वल झालं, तपकिरी झालं, काळं झालं, पण कशातच जीव नव्हता आणि पोरं चुळबुळत होती. झिपरीपाशी आल्यावर ते थांबले.

"बाराला मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "ती खोटी होती. माझा भाऊ दार न बघता आत गेला नव्हता. दार लागलं, असं मी त्याला सांगितलं, आणि मी ते पाहिलं नव्हतं. त्याची बोटं माझ्यामुळे गेली. दोष त्याने स्वतःवर घेतला आणि मी सात वर्षं त्याच्यावर लोकांना हसवत आलो."

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका पोराला हा विनोद कळला नाही म्हणून तो बाईंकडे बघायला लागला.

"चूक कुणाची?" माईकवाल्यांनी विचारलं आणि आपला हात वर केला. दुसरा एकही हात वर झाला नाही. तिसऱ्या रांगेतली पोर त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कोपऱ्यातल्या आवाराकडे बघत होती, जिथे जाळीमागे तिचे बाबा झिपरीला आतल्या खोलीत बोलावत होते. तिचे ओठ घट्ट मिटले होते. काकांकडे ती वर्ग उठेपर्यंत वळली नाही, आणि वळली असती तर त्यांना तिच्या डोळ्यांत बघता आलं नसतं.

माईक बंद करून ते बोळात गेले. नेहमीचा बोळातला मदतनीस पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. झिपरी पलीकडे गेली होती, दार ओढलेलं होतं. जाळीआडून धाकट्याने विचारलं, "लागलं का?"

माईकवाले दारापाशी गेले, वाकले. खिट्टी खाली होती. त्यांनी ती ओढून पाहिली, मग पुन्हा ओढून पाहिली. हात तिच्यावर ठेवला, पण 'लागलं' ही हाक दिली नाही.

"दादा?"

"थांब," ते म्हणाले. "तू ये, तूच एकदा बघ."